उत्तरापूर्वीं प्रश्नाची पारख

इयत्ता सातवीचा वर्ग आणि शास्त्राचा तास. गुरुजींनीं विचारलें, “पाणी किती अंशांवर उकळतें?” पंधरावीस हात एकदम वर झाले आणि ज्याच्याकडे बोट गेलें त्यानें ठरलेलें उत्तर दिलें, “शंभर.” मागच्या बाकावरील एका मुलानें मात्र हात वर न करितां विचारलें, “कोठें, गुरुजी?” वर्ग हंसला. गुरुजींना तो आगाऊपणा वाटला, आणि तास संपेपर्यंत त्या मुलाला उभें राहावें लागलें.

तपशील वेगळा असेल, पण असा प्रसंग बहुतेक घरांतील मुलांच्या आणि त्यांच्या आईबापांच्याही ओळखीचा आहे. वास्तविक त्या मुलाचाच प्रश्न शास्त्राला धरून होता. समुद्रकाठीं, मुंबईस, पाणी १०० अंशांवर उकळतें. सुमारें साडेचार हजार फूट उंचीवरील महाबळेश्वरास हवेचा दाब कमी असल्यामुळें तेंच पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळूं लागतें, आणि म्हणूनच तेथें उघड्या भांड्यांत डाळ शिजण्यास अधिक वेळ लागतो. स्वयंपाकघराला जें कळतें, तें वर्गांत विचारणें हा अपराध ठरला.

त्या मुलानें उत्तर दिलें नव्हतें. त्यानें प्रश्नाचे भाग पाडले होते. या क्रियेला पालि भाषेंत फार जुनें नांव आहे. विभज्ज, संस्कृतांत विभज्य, म्हणजे ‘विभागून’. बौद्ध परंपरेंत ही बुद्धीची पहिली शिस्त मानली गेली आहे. आपल्या शाळांत तिची शिक्षा होते. शिक्षा झालेला मुलगा त्या दिवसापासून मुकाट्यानें ‘शंभर’ म्हणूं लागतो. त्याला गुणही मिळतात. विचार करणारा एक विद्यार्थी तेवढा वर्गांतून नाहींसा होतो, आणि हजेरीपटावर त्याची गैरहजेरी कधींच लागत नाहीं.

मज्झिमनिकायांत सुभसुत्त नांवाचें एक सुत्त आहे. सुभ नांवाचा एक ब्राह्मण तरुण बुद्धाकडे येऊन विचारतो कीं, गृहस्थाश्रम श्रेष्ठ कीं संन्यास? बुद्ध त्याला सांगतो कीं, या बाबतींत तो विभज्यवादी आहे, एकांशवादी नाहीं. ज्याचें वर्तन वाईट तो गृहस्थ असो कीं संन्यासी असो, त्याची प्रशंसा करितां येत नाहीं. ज्याचें वर्तन चांगलें तो कोणीही असो, त्याची प्रशंसा करावी. सुभाचें एवढ्यानें समाधान होत नाहीं. गृहस्थाचा व्याप मोठा, म्हणून त्याचें फळही मोठें असलें पाहिजे, असा त्याचा तर्क असतो. त्यावर बुद्ध शेतीचा आणि व्यापाराचा दाखला देतो. शेतीचा व्याप मोठा. ती बुडाली तर हातीं थोडें येतें, पिकली तर पुष्कळ येतें. व्यापाराचा व्याप त्या मानानें लहान. पण त्याचीही गत तीच. तेव्हां फळ व्यापाच्या आकारावर ठरत नाहीं, व्याप तडीस जातो कीं नाहीं यावर ठरतें. ज्या दोन गोष्टी सुभानें एकमेकींस बांधून ठेविल्या होत्या, त्या बुद्धानें सोडवून वेगळ्या केल्या. पृथक्करण म्हणून ज्याला म्हणतात तें याहून निराळें कांहीं नाहीं.

परंतु प्रत्येक प्रश्न विभागावयाचा असतो असेंही नव्हे. अंगुत्तरनिकायांत प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत. कांहीं प्रश्नांना एकांशानें, म्हणजे सरळ ‘होय’ किंवा ‘नाहीं’ असें उत्तर द्यावयाचें. कांहींचें विभागून द्यावयाचें. कांहींत विचारणाऱ्यालाच उलट विचारावयाचें. आणि कांहीं प्रश्न तसेच बाजूस ठेवावयाचे. त्यांना स्थापनीय म्हणतात. मिलिंदपञ्ह या ग्रंथांत नागसेन भिक्षूनें या चारही प्रकारांचीं उदाहरणें दिलीं आहेत. ‘रूप अनित्य आहे काय?’ हा पहिल्या प्रकारचा प्रश्न. ‘जें अनित्य तें रूप काय?’ हा दुसऱ्या प्रकारचा. शब्द तेच राहिले, क्रम तेवढा फिरला, आणि प्रश्नाची जात बदलली. सगळे कावळे काळे असतात म्हणून जें जें काळें तें तें कावळा नव्हे, हें मुलाला कळतें. पण तोच घोटाळा इतिहासाच्या किंवा वर्तमानपत्राच्या भाषेंत आला कीं मोठ्यांनाही कळेनासा होतो.

शाळेच्या विषयांत हे चार प्रकार शोधूं लागलें तर मौज वाटते. १७ ही मूळसंख्या आहे काय, याला सरळ उत्तर आहे, आणि तेथें ‘एका दृष्टीनें आहे’ असें म्हणणारा मुलगा विचारवंत नसून आळशी आहे. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश होते काय, हाही तसाच प्रश्न वाटतो. पण पृथ्वीचा गोल पुढें घेऊन उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत दोन रेखावृत्तें बोटानें आंखावीं. विषुववृत्तावरचे दोन कोनच मिळून १८० होतात आणि ध्रुवावरचा तिसरा कोन वर उरतो. सपाट कागदावर जें निरपवाद तें गोलावर तसें राहत नाहीं.

आगगाडीनें हिंदुस्थानचा फायदा झाला कीं तोटा, हा परीक्षेंतला आवडता प्रश्न. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, एवढें सर्वांस पाठ असतें. पुढें मुलगा एक तर सात फायदे लिहितो किंवा सात तोटे. येथें विभागणें अवश्य आहे. फायदा कोणाचा? कापूस बंदरावर धाडणाऱ्या व्यापाऱ्याचा, कीं गिरणीच्या कापडापुढें माग थंडावलेल्या विणकराचा? केव्हां? १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत आगगाडीनें धान्य आणलें हें खरें, आणि त्याच वर्षांत हिंदुस्थानांतून धान्य परदेशीं जात राहिलें हेंही खरें. हे तुकडे केल्यावर मुलाला उत्तर सांपडेल असें नाहीं. परंतु आपणांस काय शोधावयाचें आहे तें त्याला प्रथमच दिसेल.

ज्ञानेश्वर मोठे कीं तुकाराम, असें एखादी मुलगी विचारते तेव्हां तिला उलट विचारावें कीं, ‘मोठे’ म्हणजे कशांत? विद्वत्तेंत, कीं लोकांच्या ओठांवर असण्यांत? उलट प्रश्न ही टाळाटाळ नव्हे. तिनें आपल्याच शब्दांत डोकावून पाहावें म्हणून तो करावयाचा. आणि चौथा प्रकार? उत्तर ध्रुवाच्या उत्तरेस काय आहे? एकाला शून्यानें भागल्यास किती येतात? या प्रश्नांचें व्याकरण शुद्ध आहे, पण त्यांत जें गृहीत धरलें आहे तेंच नाहीं. वच्छगोत्त नांवाच्या परिव्राजकाला बुद्धानें विचारलें होतें कीं, विझलेला अग्नि पूर्वेस गेला कीं पश्चिमेस? वच्छगोत्तानें कबूल केलें कीं तो प्रश्नच लागू पडत नाहीं. गणिताच्या पुस्तकांत शून्यानें भागणें ‘अव्याख्यात’ म्हणून सोडून दिलेलें असतें. ‘हा स्थापनीय प्रश्न आहे’ असें कारणासह सांगितलें तर मुलाच्या मनांतील चुटपुट थांबते. येथें शिक्षकानें एक पथ्य मात्र पाळावें. स्वतःला उत्तर येत नाहीं म्हणून प्रश्न स्थापनीय ठरत नाहीं.

यापेक्षांही वर्गाला उपयोगी अशी कथा अभयराजकुमारसुत्तांत आहे. राजगृहाच्या अभय राजपुत्राला दुसऱ्या पंथाच्या आचार्यांनीं एक दुधारी प्रश्न शिकवून बुद्धाकडे पाठविलें. तथागत दुसऱ्याला अप्रिय वाटेल असें बोलतो काय? बोलतो म्हटलें तर सामान्य माणसांत आणि त्याच्यांत फरक काय, आणि बोलत नाहीं म्हटलें तर पूर्वीं अमक्याला कठोर शब्द कां बोलला? दोन्हींकडून कोंडी. बुद्धानें एवढेंच म्हटलें कीं, याला एकांशानें उत्तर नाहीं. अभयाच्या मांडीवर तेव्हां एक तान्हें मूल होतें. बुद्धानें विचारलें, या मुलानें काडी किंवा खडा तोंडांत घातला तर तूं काय करशील? राजपुत्र म्हणाला, काढीन. सहज निघाला नाहीं तर डाव्या हातानें डोकें धरून उजव्या हाताचें बोट वांकडें करून काढीन, मग रक्त आलें तरी चालेल, कारण मुलाविषयीं मला कळवळा आहे.

येथवर ही गोष्ट प्राथमिक शाळेंतही सांगतां येईल. पुढचा भाग चौदापंधरा वर्षांच्या मुलांसाठीं आहे. बुद्ध बोलण्याचे प्रकार पाडतो. बोलणें खरें कीं खोटें, हिताचें कीं निरुपयोगी, ऐकणाऱ्यास प्रिय कीं अप्रिय. जें खरें आणि हिताचें तेंच तो बोलतो, प्रिय असो वा अप्रिय, आणि तेंही वेळ पाहून. आतां मुलांनीं फळ्यावर हिशेब करावा. तीन जोड्यांचे प्रकार दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठ होतात. सुत्तांत मोजले तर ते सहाच आहेत. राहिलेले दोन कोणते, तें मुलें पांच मिनिटांत शोधतात : खोटें पण हिताचें आणि प्रिय, खोटें पण हिताचें आणि अप्रिय. हे दोन विसरले गेले, कीं खोटें कधीं हिताचें असूंच शकत नाहीं असें वक्त्याचें मत आहे? मग डॉक्टरानें आजाऱ्यास धीर देण्याकरितां सांगितलेल्या खोट्याचें काय? येथें वर्गांत दोन तट पडतात आणि घंटा झालेली कोणाला ऐकूं येत नाहीं. शिक्षकानें निकाल देण्याची घाई करूं नये.

निकाल देण्याची ही घाई कोठून येते, याचें उत्तर मिलिंदपञ्हांतच सांपडतें. मिलिंद म्हणजे ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांतील ग्रीक राजा मिनॅन्डर. त्याची राजधानी सागल. वाद करण्यांत त्याचा हातखंडा. संभाषणाच्या आरंभींच नागसेन त्याला विचारतो कीं, महाराज पंडितांसारखा वाद करणार कीं राजांसारखा? पंडितांच्या वादांत गुंतवितात, सोडवितात, चूक दाखवितात, चूक कबूल करितात, आणि कोणी रागावत नाहीं. राजे एक गोष्ट मांडतात आणि जो ती मानीत नाहीं त्याला दंड करितात. मिलिंदानें पंडितांसारखा वाद करण्याचें कबूल केलें, आणि एखाद्या भिक्षूशीं, श्रामणेराशीं किंवा विहारांतील सेवकाशीं बोलावें तसें निर्भयपणें आपल्याशीं बोलावें असें सांगितलें.

वर्गांतील खुर्ची हें एक लहानसें सिंहासन आहे. तिच्यावर बसलेल्या सज्जन माणसालाही राजवाद करण्याचा मोह होतो, कारण पन्नास मुलें, चाळीस मिनिटें आणि संपवावयाचा पाठ यांच्यापुढें तोच सोपा पडतो. वादाच्या रीति कितीही शिकविल्या, तरी उभें करण्याची भीति जोंवर वर्गांत आहे तोंवर त्या रीति पाठांतराचाच एक नवा प्रकार होऊन बसतील. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९४६ सालीं मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय काढलें, आणि १९५० सालीं तेव्हांच्या औरंगाबादेस सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढें मिलिंदाचें नांव मिळालें. विद्यालयाला बुद्धाचें नांव देणें कोणालाही सुचेल. त्याला प्रश्न विचारणाऱ्या राजाचें नांव देण्यांत मर्म आहे.

उलट, भीति गेली आणि शिस्त आली नाहीं तर वर्गाचा बाजार होतो. शिस्तीचा नमुना पाहावयाचा तर तिबेटी मठांतील अध्यापनाकडे वळावें लागतें. दिङ्नाग आणि धर्मकीर्ति या भारतीय आचार्यांनीं रचलेलें प्रमाणशास्त्र तिबेटांत गेलें, आणि तेथें बाराव्या शतकांत आचार्य छापा छोकी सेंगे (११०९–११६९) यांच्यापासून मुलांसाठीं ‘दुरा’ नांवाचा आरंभींचा पाठ सुरू झाला असें मानितात. १९५९ नंतर ही विद्या निर्वासितांबरोबर पुन्हां हिंदुस्थानांत आली. सेरा हा महामठ कर्नाटकांत बैलकुप्पे येथें आणि द्रेपुंग व गानदेन हे मुंडगोड येथें नव्यानें उभे राहिले. मुंडगोड हुबळीपासून फार दूर नाहीं. महाराष्ट्रांतून सहज जातां येतें.

तेथें संध्याकाळीं अंगणांत जोड्या बसतात. उत्तर देणारा खालीं बसलेला, प्रश्न करणारा उभा. प्रश्न संपतांच तो पाय आपटून टाळी वाजवितो. गलका फार असतो, पण नियम कडक असतात. बसलेल्याला भाषण करण्याची मुभा नाहीं. त्यानें एक तर म्हणावें ‘मान्य’, किंवा ‘कां?’, किंवा ‘हेतु सिद्ध नाहीं’, किंवा ‘व्याप्ति नाहीं’. नवशिक्यांचा पहिला विषय रंग. जो जो रंग तो तो तांबडाच काय? गडबडीनें ‘मान्य’ म्हणणाऱ्यापुढें पांढऱ्या शंखाचा रंग ठेवितात. तो तांबडा ठरला, कारण तो रंग आहे. आतां त्याला मागें फिरून आपली चूक नेमकी कोठें झाली तें एका शब्दांत सांगावें लागतें : पांढरा हा रंग नव्हे असें म्हणावयाचें, कीं व्याप्ति नाहीं असें? ‘मला तसें म्हणावयाचें नव्हतें’ हें उत्तर चार उत्तरांत नाहीं. थोड्या वेळानें दोघे जागा बदलतात. काल ज्यानें पेंच घातला तोच आज पेंचांत सांपडतो. भिक्षुणींना ही वाट फार उशिरां मोकळी झाली. २०१६ सालीं मुंडगोड येथें वीस भिक्षुणींच्या तुकडीला गेशेमा ही पदवी मिळाली, आणि तीही याच अंगणांतील वादाच्या कसोटीवर.

आपल्या वर्गांत टाळ्या आणि पाय आपटणें आणण्याचें कारण नाहीं. दुराच्या पाठांतील एक साधन तेवढें घ्यावें. कोणतेही दोन शब्द घेऊन त्यांचा परस्परसंबंध किती कोटींचा आहे तें मुलांनीं ठरवावयाचें. ‘सस्तन’ आणि ‘उडणारा’ घ्या. गाय सस्तन आहे, उडत नाहीं. चिमणी उडते, सस्तन नाहीं. वटवाघूळ दोन्ही आहे. मासा दोन्ही नाहीं. चारही कोटी भरल्या. ‘चौरस’ आणि ‘आयत’ घेतले तर एक कोटि रिकामी राहते, कारण आयत नसलेला चौरस काढून दाखवितां येत नाहीं. ‘सुशिक्षित’ आणि ‘सुसंस्कृत’ हे शब्द नववीच्या वर्गापुढें ठेवून पाहावे. प्रत्येक कोटीला उदाहरण देतांना मुलें शेजाऱ्यांचीं नांवें घेऊं लागतात, तेवढी काळजी घ्यावी लागेल.

बौद्ध ग्रंथांतील कालामसुत्त आजकाल बहुतेकांच्या तोंडीं असतें. परंपरा, ऐकीव गोष्ट, ग्रंथ, गुरूविषयींचा आदर यांवर विसंबून कोणतीही गोष्ट मानूं नका, एवढा त्याचा अर्थ सांगून लोक थांबतात. त्या दहा गोष्टींच्या यादींत तर्कही आहे, हें सोयीस्करपणें गाळलें जातें. नुसता तर्कशुद्ध दिसणारा युक्तिवादही पुरेसा नाहीं. ती गोष्ट आचरणांत आणल्यावर लोभ, द्वेष, मोह वाढतात कीं कमी होतात तें पाहावें आणि जाणत्यांचें मतही घ्यावें, असें कालामांना सांगितलें होतें. शाळेच्या भाषेंत सांगावयाचें तर महाबळेश्वरास जाऊन पाण्यांत तापमापक बुडवावा.

वाद शिकविण्यांत धोकाही आहे. आठदहा महिने कोटी आणि व्याप्ति शिकलेला मुलगा घरीं आईला प्रत्येक वाक्याला ‘व्याप्ति नाहीं’ म्हणूं लागला, तर शिक्षकावर बोल येणारच. अलगद्दूपमसुत्तांत असल्या शिष्यांना साप शेपटीशीं धरणाऱ्या माणसाची उपमा दिली आहे. केवळ दुसऱ्याला जिंकण्यासाठीं जे धर्म शिकतात त्यांना तो उलटून चावतो. तिबेटी अंगणांत जागा बदलण्याची जी चाल आहे, तीच यावरचा चांगला उपाय दिसते. ज्यानें आगगाडीचे तोटे मांडले त्यानें पुढच्या आठवड्यांत फायदे मांडावे, आणि मागच्या आठवड्यांतील आपल्याच युक्तिवादाला उत्तर द्यावें. हें मोठ्यांनाही जड जातें.

हें सर्व करावयास बौद्ध होण्याची गरज नाहीं. गोव्यांत साखवाळ येथें जन्मलेले धर्मानंद कोसंबी १९१२ पासून सहा वर्षें पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत पालि शिकवीत होते, तेव्हां त्यांच्यापुढें सर्व प्रकारच्या घरांतले विद्यार्थी बसत. त्यांच्या मराठी पुस्तकांमुळें या सुत्तांपैकीं पुष्कळांची ओळख महाराष्ट्राला घरबसल्या होऊं शकते.

खरी अडचण परीक्षेची आहे. एका वाक्यांत उत्तर मागणाऱ्या प्रश्नपत्रिकेंत ‘कोठें?’ असें लिहिणाऱ्याला शून्य मिळतें, आणि मुलाच्या वर्षाशीं खेळण्याचा अधिकार शिक्षकाला नाहीं. म्हणून प्रत्येक तास असा घेतां येणार नाहीं. आठवड्यांतून एक प्रश्न पुरे. तो फळ्यावर लिहावा आणि पहिलीं पांच मिनिटें कोणीही उत्तर देऊं नये. प्रश्न चारांपैकीं कोणत्या जातीचा आहे एवढेंच मुलांनीं वहींत लिहावें, आणि खालीं एका ओळींत कारण. मग उत्तर. उत्तराच्या शेजारीं तें कोणत्या अटीवर खरें तेंही लिहावें. परीक्षेंत मुलगा पहिला भाग लिहील, ‘शंभर’. अट त्याच्या वहींत आणि डोक्यांत राहील. घरीं जेवतांना मुलानें ‘कोठें?’ म्हणून विचारलें, तर वडिलांनींही ताट पुढें सारून क्षणभर थांबावें, आणि प्रश्न उलट विचारण्याजोगा आहे कीं काय तें आधीं पाहावें.